मूठभर वाळूला तिचा पत्ता विचारा: मुलांबरोबर घरी करायचे प्रयोग

समुद्रावरून घरी आलं की चपलांतून, टॉवेलातून, पोरांच्या खिशांतून दोन दिवस वाळू निघतच राहते आणि आपण ती झाडून टाकतो. मागच्या मे महिन्यात हरिहरेश्वरहून आल्यावर लेकीने बाथरूमच्या कोपऱ्यात साचलेली वाळू बघून विचारलं, "आई, ही एवढी काळी का आहे? गोव्याची तर पिवळसर होती ना?" प्रश्न इतका चांगला होता की ती वाळू टाकून द्यायच्या ऐवजी आम्ही वाटीत भरून ठेवली आणि मग सुट्टीभर आमचा हाच उद्योग चालला. त्यातून मला एक गोष्ट पक्की पटली, की वाळू म्हणजे नुसती वाळू नसते, प्रत्येक मुठीत तिचा पत्ता असतो, म्हणजे कुठल्या दगडातून निघाली, नदीने आणली की समुद्राने, लांबून आली की जवळून. आणि हा पत्ता आठ-दहा वर्षांच्या मुलांना घरातल्या सामानावर शोधता येतो.

आम्ही कसं केलं ते सांगते, गमतीची माहिती त्या त्या ठिकाणी येईलच.

सामान काय लागेल

एक भिंग, लोहचुंबक (जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं सगळ्यात भारी), छोटी प्लॅस्टिकची पिशवी, किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर, चहाची गाळणी, पिठाची चाळण, एक पांढरा आणि एक काळा कागद, दोन-तीन काचेच्या बरण्या. खडीसाखर आणि स्टीलचा झाकणाचा डबा. बस.

आणि वाळू. वाळू गोळा करताना मुलांना आधीच सांगा की एका ठिकाणची फक्त मूठभर घ्यायची, औषधाच्या छोट्या डबीत मावेल एवढीच, आणि जिथे "इथून काही नेऊ नका" अशी पाटी असेल तिथे तेवढीही नाही. बाहेरच्या देशात नातेवाईक असतील तर त्यांना वाळू आणायला सांगण्याआधी तिथला नियम बघायला सांगा, कारण इटलीच्या सार्डिनिया बेटावरून वाळू नेली तर चक्क दंड होतो. नदीची, समुद्राची, बिल्डिंगखाली बांधकामाला आलेली, कुंडीतल्या मातीतली, सगळी चालते, उलट जितकी वेगवेगळी तितकी मजा जास्त.

आधी वाळू बनवूनच बघा

मुलांना "दगड झिजून वाळू होते" असं सांगितलं की ती मान डोलावतात पण त्यांच्या डोळ्यासमोर काही येत नाही. म्हणून पहिली पायरी हीच ठेवा. खडीसाखरेचे दहा-बारा मोठे खडे स्टीलच्या डब्यात घाला, झाकण घट्ट लावा आणि आळीपाळीने शंभर शंभर वेळा हलवा. तीनशे झाले की उघडा. खड्यांचे धारदार कोपरे गोल झालेले असतात आणि तळाशी बारीक साखर जमलेली असते. ती बारीक साखर म्हणजे वाळू आणि डबा म्हणजे नदी. आता विचारा, नदीच्या उगमाजवळचे दगड टोकदार का असतात आणि खाली आल्यावर गोटे गुळगुळीत का होतात. माझ्या भाच्याने पटकन सांगितलं, "कारण खालचे जास्त हलवलेत." अगदी बरोबर. (साखर खाल्ली तरी चालते, प्रयोग झाल्यावर!)

खऱ्या दगडाचं मात्र नुसतं आपटून भागत नाही. ऊन आणि थंडीने त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी शिरतं, झाडांची मुळं शिरतात, आणि दगडातली काही खनिजं पाण्याने हळूहळू सडून त्यांची चिकणमाती होते. जे सडत नाही, घट्ट राहतं, ते सुटं होऊन वाहत येतं आणि त्यातला सगळ्यात चिवट म्हणजे क्वार्ट्झ, आपण ज्याला गारगोटी म्हणतो त्याच जातीचा. तो लोखंडी खिळ्यापेक्षा कडक असतो आणि काचेवर ओरखडा काढतो. म्हणून तर वाळू लागलेला चष्मा शर्टाला पुसू नये, आधी पाण्याखाली धरावा.

वाळू म्हणजे नक्की केवढी

शास्त्रज्ञांनी वाळू ठरवताना दगड कुठला ते बघितलंच नाही, फक्त आकार बघितला. कण २ मिलिमीटरपासून ०.०६२५ मिलिमीटरपर्यंत असेल तर वाळू, मग तो क्वार्ट्झचा असो, शिंपल्याचा असो नाहीतर लाव्हाचा. त्याहून मोठा झाला की बारीक खडी आणि त्याहून लहान झाला की गाळ. मुलांना मिलिमीटर कळत नाहीत, स्वयंपाकघर कळतं, तेव्हा एका ताटलीत मोठी मोहरी, राजगिरा, खसखस आणि मैदा शेजारी शेजारी ठेवा. मोहरीहून मोठं ते वाळू नाही, मैद्यासारखं बोटाला पावडर लागतं तेही नाही, मधलं सगळं वाळू.

आता आणलेली वाळू धुवून घ्या. समुद्राची असेल तर तीन-चार पाण्यांनी धुवा, मीठ गेलं पाहिजे. बरणीत पाणी आणि वाळू घालून हलवा, दहा सेकंद थांबा आणि वरचं गढूळ पाणी बादलीत ओता, समुद्राच्या वाळूचं खारट पाणी सोडून बाकीचं झाडांना घालता येतं. हीच बरणी कुंडीतल्या मातीबरोबर पण करून बघा. वाळू काही सेकंदांत तळाला बसते, गाळाला काही मिनिटं लागतात आणि चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. नदी पण हेच करते, वेग कमी झाला की आधी जड कण टाकते, म्हणून वाळू नदीच्या वळणावर आतल्या बाजूला साचलेली दिसते.

वाळवायला पेपरवर पसरून उन्हात ठेवा, दुपारभर पुरते. मग चहाच्या गाळणीतून, नंतर पिठाच्या चाळणीतून चाळा. जी सगळी जवळपास एकाच आकाराची निघाली ती बहुतेक वारा किंवा लाटांनी निवडलेली, आणि जिच्यात खडे, भरड, बारीक सगळं एकत्र ती बहुधा नदीची.

भिंगाखाली

हा भाग घाईत करू नका, आमचा एक अख्खा रविवार यात गेला आणि तरी पोरं उठायला तयार नव्हती. चिमूटभर वाळू अर्धी पांढऱ्या कागदावर, अर्धी काळ्या कागदावर टाका. पांढऱ्यावर काळे कण दिसतात, काळ्यावर पारदर्शक. मोबाईलचा कॅमेरा भिंगाला टेकवून फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा.

काचेसारखे पारदर्शक किंवा दुधी कण दिसले तर क्वार्ट्झ. काळे चकचकीत आणि जड असतील तर लोखंड असलेली खनिजं. मळकट करडे, न चमकणारे म्हणजे आपल्या काळ्या दगडाचे, बेसॉल्टचे तुकडे. गुलाबी-पांढरे पातळ पापुद्रे, त्यांच्यावर रेघा, ते शिंपले. मध्येच समुद्री साळिंदराचा (तो काटेरी गोळा) तुटका काटा मिळतो, आणि हल्ली निळा-हिरवा प्लॅस्टिकचा कणही मिळतो, तो वेगळा काढून ठेवा आणि मुलांना दाखवा, कारण तो कुठल्याच डोंगरातून आलेला नाही.

कोपरे पण बघा. धारदार कोपरे म्हणजे प्रवास थोडा, गोल म्हणजे प्रवास खूप. वाळवंटातले कण वाऱ्याने एकमेकांवर आपटून सगळ्यात गोल झालेले असतात, आणि म्हणूनच एवढी वाळू असून वाळवंटातली वाळू काँक्रीटला फारशी चालत नाही, गोट्यांसारखे गोल कण एकमेकांत अडकत नाहीत. उलट आता बांधकामावर येते ती क्रश सँड बघा, ती मशीनमध्ये दगड फोडून केलेली, तिचे सगळे कण एकाच रंगाचे आणि टोकदार. ती कालपर्यंत दगड होती! पाचवीतल्या मुलालाही ही भिंगाखाली ओळखता येते.

चुंबक: काळ्या वाळूचं गुपित

चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला मग वाळूत फिरवा. तसंच बुडवलंत तर बारीक कण असे चिकटतात की दोन दिवस निघत नाहीत, पिशवी असली की चुंबक बाहेर ओढलं की सगळे कण टपटप खाली पडतात. जे चिकटतात त्यात मुख्य असतं मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड असलेलं काळं खनिज. हरिहरेश्वरच्या वाळूला आमच्या चुंबकाला मिशा फुटल्या, गोव्याच्या वाळूला जेमतेम आठ-दहा कण लागले.

आणि इथे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा येत राहिला, थरावर थर बसले आणि त्यातून सह्याद्रीचा काळा दगड झाला. त्या दगडात लोखंड भरपूर, क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. म्हणून रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर वाळू जागोजागी दिसते. तुम्ही दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे सरकलात की लाव्हाचा दगड संपतो आणि त्याहून कितीतरी जुने, क्वार्ट्झ असलेले दगड सुरू होतात, आणि वाळू उजळत जाते. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात तर सिलिका वाळूच्या, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झच्या वाळूच्या, खाणी आहेत. म्हणजे कोकणात गाडीने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना नुसत्या वाळूच्या रंगावरून खालचा दगड बदलला हे मुलांना सांगता येतं.

रत्नागिरीकरांना तर हे सांगायलाच नको, तिथे एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी नावंच आहेत, पाणी तेच, नाव पडलंय वाळूवरून.

किनाऱ्यावर काळे पट्टे का पडतात हेही करून बघता येतं. ताटलीत वाळू आणि थोडं पाणी घ्या, ताटली तिरकी धरून सुपात पाखडल्यासारखी हळूहळू हलवा. हलके पांढरे कण पाण्याबरोबर पुढे जातात आणि काळे मागे राहतात, कारण मॅग्नेटाइट क्वार्ट्झच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. लाट परत जाताना असंच पाखडते. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट नावाचं दुसरं खनिज पण असतं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते आहे, केरळात चवऱ्याला तर त्यासाठी वाळूचं मोठं काम चालतं. त्यातून टायटॅनियम निघतं आणि त्या टायटॅनियमपासून बनते पांढऱ्या रंगातली पांढरी पावडर. काळ्याकुट्ट वाळूतून भिंतीचा पांढरा रंग! मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडलं.

एक लक्षात ठेवा, बांधकामाच्या ठिकाणची वाळू असेल तर त्यात सळईचा चुरा असू शकतो, शिवाय क्रश सँडची धूळही चुंबकाला चिकटते, म्हणून एकट्या चुंबकावरून निकाल देऊ नका.

व्हिनेगर: प्राण्यांनी बनवलेली वाळू

काचेच्या वाटीत चमचाभर वाळू, वर दोन चमचे व्हिनेगर, आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, म्हणजे शिंपले, शंख, प्रवाळ. झाकण लावू नका, गॅस होतो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो पण बुडबुडे मंद येतात, धीर धरावा लागतो.

यात एक फसगत आहे. देशावरच्या भीमा-गोदावरीच्या वाळूतही कधी कधी बुडबुडे येतात आणि मुलं ओरडतात की इथे समुद्र होता. ते बहुतेक मातीत तयार होणारे चुनखडीचे बारीक खडे असतात. भिंगातून शिंपल्याच्या रेघा दिसल्या तरच समुद्र म्हणा.

पूर्ण चुन्याची वाळू बघायची तर लक्षद्वीप. तिथे नदी नाही, डोंगर नाही, मग वाळू येते कुठून? प्रवाळातून. आणि ती बनवणाऱ्यांपैकी एक आहे पोपटमासा. त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे, तो प्रवाळ खरवडून त्यावरचं शेवाळ खातो, दगड पोटात दळला जातो आणि मागून बाहेर पडते ती बारीक पांढरी वाळू. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू टाकतो. हे ऐकल्यावर आमच्या घरात दहा मिनिटं नुसता हशा होता आणि मग सगळ्यांनी ते शाळेत जाऊन सांगितलं. जपानमध्ये ओकिनावाकडच्या काही बेटांवर तर वाळूचे कण ताऱ्यासारखे असतात, अगदी पाच-सहा टोकांचे, ती एकपेशीय जीवांची कवचं. आणि हवाईमध्ये पापाकोलेआ नावाचा किनारा हिरवा आहे, ती ऑलिव्हिन नावाच्या खनिजाची वाळू, लाव्हातूनच आलेली.

नकाशा घेऊन बसा

आता महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि महाबळेश्वरवर बोट ठेवा. तिथून कृष्णा निघते आणि सावित्रीही निघते. सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभरएक किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्रात जाते. कृष्णा पूर्वेला वळते आणि १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगराचे दोन कण, पाऊस इकडे पडला की तिकडे एवढ्यावरून एक अरबी समुद्रात आणि एक पार दुसऱ्या टोकाला! मुलांना दोन रंगांच्या पेन्सिलींनी हे दोन रस्ते काढायला लावा. अर्थात निघालेला प्रत्येक कण पोचत नाही, वाटेत धरणं आहेत, वाळू त्यांच्या तळाशी अडकून बसते.

मग नागपूरकडे या. तिकडे वाळू म्हणत नाहीत, रेती म्हणतात, आणि कन्हानची रेती बांधकामवाल्यांच्या तोंडी असते. कन्हान, वैनगंगा या नद्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या, क्वार्ट्झवाल्या दगडांतून येतात म्हणून ती रेती उजळ आणि कडक. पुण्या-नाशिककडची नदीची वाळू काळसर करडी. पंढरपूरला तर आपण चंद्रभागेच्या काठच्या वाळूला वाळवंटच म्हणतो, राजस्थानलाही वाळवंट आणि वारकरी नाचतात तेही वाळवंट, मराठीत वाळू पसरली की झालं वाळवंट.

वाळूच्या पोटातलं पाणी

हा प्रयोग छोटा आहे पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेला काठोकाठ कोरड्या वाळूने भरा, ठोकून दाबा. आता विचारा, हा पेला भरलाय का? सगळे हो म्हणतील. मग मापाने पाणी ओता, हळूहळू, वर येईपर्यंत. पेल्याच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी आत मावतं! कणांच्या मधली जागा एवढी असते. म्हणून उन्हाळ्यात नदी कोरडी दिसली तरी मराठवाड्यात लोक पात्रात झिरा खणतात आणि त्याला पाणी लागतं. नदीतली वाळू उपसून नेली की हा साठा जातो आणि काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात वर्षाला साधारण ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. रस्त्यावरून रात्री जाणारे वाळूचे ट्रक मुलं बघतात, त्यांना हे कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

खेळ म्हणून

किल्ला करायचा असेल तर आठ वाट्या वाळूला एक वाटी पाणी इथून सुरुवात करा. पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांकडे ओढतो, जास्त पाणी झालं की ती ओढ जाते आणि किल्ला बसतो. कोरड्या वाळूचा ढीग करा, कितीही ओता, त्याचा उतार ३०-३५ अंशांच्या आसपासच राहतो, कोनमापकाने मोजा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वाळूचं घड्याळ करा. पाण्याची बाटली रिकामी होत आली की धार मंदावते, पण वाळू जवळपास एकाच वेगाने पडते, कारण तिचं बरंचसं वजन कण एकमेकांमार्फत बाटलीच्या भिंतींवर टाकतात.

आणि चमचाभर वाळूत कण किती, हे मोजायचं आव्हान द्या. चमचा कागदावर ओतून पट्टीने दोन भाग करा, एक बाजूला सारा, उरलेल्याचे परत दोन. असं नऊ-दहा वेळा केलं की मोजता येतील एवढे कण उरतात, मग जितक्या वेळा भाग केले तितक्या वेळा दुप्पट करत परत या. अर्ध्या मिलिमीटरचे कण असतील तर उत्तर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात येतं.

किनाऱ्यावर गेलात तर अजून दोन गोष्टी बघा. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, ती छोट्या खेकड्यांनी केलेली असते, ते वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचं खाणं काढून घेतात आणि गोळी करून टाकतात. दुसरं म्हणजे वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. तिथे गेलात तर टॉर्च, आरडाओरडा आणि पिल्लांना हात लावणं नाही.

शेवटी प्रत्येक वाळू छोट्या बाटलीत भरा आणि चिठ्ठी लावा: गाव, नदी किंवा समुद्र, तारीख, चुंबकाला लागली का, बुडबुडे आले का, कोपरे कसे. चिठ्ठी पेनाने नको, पेन्सिलने लिहा, ओल लागली तरी शाई फुटत नाही. आमच्याकडे आत्ता अकरा बाटल्या झाल्यात, आणि बाराव्या बाटलीवर लेकीने आधीच लिहून ठेवलंय: "वैनगंगा, मामा आणणार."